चक्क्याचा निरोप

“तो पुढं सोप्यात बसलाय नव्हं? मग मी हितनंच खेळतो,” परसातल्या दगडावर चपला काढत नाना म्हणाले. “आणि एक सांगून ठेवतो गिरिजा, मधलं दार लावून घे. खेळ म्हणजे खेळ. तोंड बघायचं ठरलेलं नाही.”

मी मधलं दार ओढून घेतलं. नानांपुढे चटई पसरली, सूपभर चिंचोके ठेवले आणि पाण्याचा तांब्या दिला.

नाना माझे चुलत सासरे. आणि ज्याचं तोंड बघायचं नव्हतं ते पुढच्या सोप्यात बसलेले आप्पा म्हणजे माझे सासरे, नानांचे सख्खे थोरले भाऊ. मी लग्न होऊन आष्ट्याला आले, त्याच्या कितीतरी आधीपासून दोघांचं बोलणं बंद होतं. आमच्या लग्नात दोघांनीही अक्षता टाकल्या, पण एकानं मांडवाच्या या टोकाला उभं राहून आणि दुसऱ्यानं त्या. जेवणाच्या पंगतीही वेगळ्या.

गंमत अशी की दोघांचा धंदा मात्र एकच होता. शेट्यांचं श्रीखंड पंचक्रोशीत नावाजलेलं. नानांची डेअरी गावाबाहेर मळ्याच्या वाटेवर. तिथं दूध घ्यायचं, दही लावायचं, ते फडक्यात बांधून टांगून ठेवायचं. पाणी निथळून गेलं की मागे घट्ट चक्का उरतो. तो चक्का पेठेत आप्पांच्या दुकानी यायचा. तिथं त्यात साखर, वेलदोडा पडायचा, तो पुरणयंत्रातून निघायचा आणि डब्यात भरला जायचा. नानांसारखा चक्का दुसरा कुणी लावत नव्हता, आणि आप्पांसारखं गिऱ्हाईक दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. त्यामुळे भांडण होऊनही दोघांना एकमेकांना सोडता येत नव्हतं.

मग चालायचं कसं? तर आप्पा जेवताना ताटाकडे बघत म्हणायचे, “उद्या अमुक किलो लागंल.” माझ्या सासूबाई, त्यांना सगळे अक्का म्हणत, हात धुऊन फोनपाशी जायच्या आणि तिकडं नानांच्या बायकोला, म्हणजे काकींना, सांगायच्या. काकी नानांना सांगायच्या. दोन्ही जावांचं मात्र छान गूळपीठ होतं. चक्क्याच्या निरोपाला अर्धं मिनिट लागायचं, बाकीचं बोलणं पुढे कितीतरी वेळ चालायचं.

माझे यजमान साखर कारखान्यात केमिस्ट होते. गळीत हंगामात त्यांचा पाय घरात टिकायचा नाही. त्यामुळे घरातलं सगळं बघायला मी एकटीच मोकळी होते, आणि मी बघत होते. एखाद्या आठवड्यात दुकानात एवढा चक्का येऊन पडायचा की फ्रीजचं दार लागायचं नाही. आम्ही भाकरीबरोबर श्रीखंड खायचो, शेजाऱ्यांना वाटायचो, तरी शेवटी आंबून जायचं ते जायचंच. आणि पुढच्याच आठवड्यात लग्नघरचा माणूस दारात उभा, तर द्यायला डबा नाही.

“मुद्दाम करतोय,” आप्पा म्हणायचे. “नको तवा गळ्यात मारतो, पायजे तवा अडवून धरतो.”

संक्रांतीला तिळगूळ द्यायला मी नानांकडे गेले. माझ्या हातावर गुळाची वडी ठेवत नाना म्हणाले, “तुझा सासरा मुद्दाम करतोय बघ. एकदा ढीगभर मागतो आणि मग आठवडाभर मूग गिळून बसतो. गवळी रोज दारात दूध घेऊन उभे. त्यांना काय सांगू, आज म्हशी पिळू नका म्हणून?”

दोन घरं आणि वाक्य एकच. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

पाडवा जवळ आला तशी घरातली हवा बदलली. श्रीखंडाच्या धंद्यात पाडवा म्हणजे वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस. मूळ भांडणही अशाच एका पाडव्याचं होतं. त्या वर्षी नानांनी डेअरी घराच्या परसातून मळ्याकडे हलवली होती, आणि परसात हाक मारून सांगायचा निरोप आता अक्का-काकींच्या फोनवरून जायचा. सणाच्या आदल्या दिवशी दुकानात एवढा चक्का आला की ठेवायला भांडी पुरेनात. सणानंतर निम्मा टाकून द्यावा लागला. आप्पा भर पेठेत बोलले, “उरलासुरला माल माझ्या उरावर टाकला.” मग अक्षय तृतीयेला चक्का कमी पडला, तेव्हा आप्पा आणखी बोलले, “आमचा चक्का हा बाहेर विकतोय.” ते नानांच्या कानावर गेलं. तिथून दोघांचं दार बंद झालं ते झालंच.

यंदा एका रात्री जेवताना आप्पा म्हणाले, “हा पाडवा शेवटचा. ह्याच्यापुढं चक्का सांगलीच्या डेअरीतनं आणायचा. मी बोलून आलोय.”

अक्कांचा वाढता हात थांबला. ताटात आमटी पडायची ती कडेला सांडली. नंतर चुलीपुढे माझ्याजवळ म्हणाल्या, “आज निरोपापुरतं तरी नातं हाय गं. ते बी गेलं की हे दोघं रस्त्यात दिसले तरी ओळख देणार नाहीत. मग मी तरी तिला कशाला म्हणून फोन करू?”

मी तेव्हा सांगलीला मॅनेजमेंटच्या पहिल्या वर्षाला होते. शिक्षण पुरं करू द्यायचं, ही लग्नातली माझी एकच अट होती आणि आप्पांनी ती मोठ्या कौतुकानं पाळली होती. रोज एसटीनं जायचं, यायचं. त्या सत्रात ऑपरेशन्स आणि सप्लाय चेन नावाचा विषय होता. माल इथून तिथं न्यायचा, त्यात शिकायचं काय, असं मला वाटायचं. शिकवायला गुळवणी सर. आप्पांच्या त्या बोलण्यानंतर दोनच दिवसांनी सरांनी वर्गात पुस्तक मिटलं, बाकं सरकवायला लावली आणि म्हणाले, “आज खेळायचं.” त्या तासाला काय झालं ते पुढे येईलच. एवढंच सांगते, परत येताना एसटीत कंडक्टरनं मला तिकीट विचारलं ते ऐकूच आलं नाही. शेवटी शेजारच्या बाईनं कोपर मारलं.

घरी आल्यावर मी जाहीर केलं, “सरांनी एक खेळ घरी खेळून बघायला सांगितलाय. परीक्षेला लागणार आहे. चार माणसं पाहिजेत.”

सरांनी तसं काही सांगितलेलं नव्हतं.

“आप्पा, तुम्ही दुकानदार. अक्का, तुम्ही ठोक व्यापारी.”

“अभ्यासाचं असंल तर बसतो की,” आप्पा म्हणाले. “बाकीचे दोन?”

“बघते मी,” म्हटलं आणि लूना काढून थेट डेअरी गाठली.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग डोळे बारीक करून विचारलं, “दुकानदार कोण?”

“आप्पा.”

“मग मला जमायचं नाही.”

“नाना, तुम्ही परसदारी बसायचं, ते पुढं सोप्यात. मधे दोन खोल्या. समोरासमोर यायचंच नाही. आणि खेळाचा नियमच आहे, कुणी कुणाशी बोलायचं नाही.”

फडकी पिळत उभ्या असलेल्या काकी हसायला लागल्या. “अहो, जावा की! न बोलण्याचा खेळ हाय म्हणते पोरगी. तुम्हा दोघांएवढा सराव जिल्ह्यात कुणाला असंल?”

असे नाना त्या रविवारी दुपारी मागच्या दारानं आमच्या घरात आले.

आमचं घर आगगाडीच्या डब्यासारखं लांबट. पुढं सोपा, तिथं आप्पा. त्यांच्या मागं माजघर, तिथं अक्का. मग स्वयंपाकघर, तिथं काकी. आणि परसदारी नाना, म्हणजे कारखाना. प्रत्येकापुढे चिंचोक्यांचा एकेक लहान ढीग. चिंचोका म्हणजे एक डबा श्रीखंड. मी गिऱ्हाईक. मी आप्पांच्या कानात सांगायचं, मला इतके पाहिजेत. आप्पांनी ते द्यायचे आणि पुढचा माल मागायला चिठ्ठीवर आकडा लिहून अक्कांकडे पाठवायचा. अक्कांनी काकींकडे, काकींनी नानांकडे. माल उलट्या दिशेनं यायचा, पण लगेच नाही. मागितलेला माल वाटीत घालून दोन डाव उंबऱ्यावर ठेवायचा. तेवढा वेळ तो वाटेत आहे असं समजायचं. वाट्या नि चिठ्ठ्या नाचवायचं काम माझंच.

सुरुवातीचे डाव शांततेत गेले. मी आप्पांकडे चार मागायचे, ते चार द्यायचे, चार मागवायचे. नाना मागं बसून जांभया देत होते.

“ह्यात काय अभ्यास हाय?” ते म्हणाले.

“बोलायचं नाही!” स्वयंपाकघरातून काकी ओरडल्या.

मग एका डावाला मी आप्पांच्या कानात चारच्या जागी आठ सांगितले. आप्पांनी भुवया उंचावल्या. माल दिला, पण ढीग खाली गेला. त्यांनी चिठ्ठीवर बारा लिहिलं. पुढच्या डावालाही मी आठच मागितले. माल अजून उंबऱ्यावरच होता. आप्पांपुढचे चिंचोके संपत आले. चिठ्ठीवरचा आकडा आणखी वाढला.

अक्कांनी ती चिठ्ठी वाचली आणि कपाळाला हात लावला. आपल्या चिठ्ठीवर त्यांनी अजून मोठा आकडा लिहिला. काकींनी अक्कांची चिठ्ठी बघितली, इकडंतिकडं पाहिलं आणि त्याहून मोठा. नानांच्या हातात चिठ्ठी पडली तेव्हा ते ताठ बसले.

“चाळीस? आत्तापतुर चार, आणि आता एकदम चाळीस?”

“नाना, नियम.”

“अगं पण हे मुद्दाम चाललंय त्याचं! खेळातसुद्धा!”

पुढं सोप्यात मी आले तर आप्पांची चटई रिकामी. एक चिंचोका नाही. ते मांडी बदलून बसले होते आणि चेहरा लाल. “बघ गिरिजा, बघ. खेळातसुद्धा माल अडवून धरतोय. मी मागतोय, मागतोय, आणि हा तिकडं ढीग करून बसला असंल. लिही, वीस!”

मी धावत होते. वाटी, चिठ्ठी, वाटी, चिठ्ठी. पदर खोचलेला, कपाळावर घाम. अक्का चष्मा काढून पुसत होत्या. काकींनी चुलीवरचं दूध उतू घालवलं तरी त्या उठल्या नाहीत. नाना दोन्ही हातांनी सुपातले चिंचोके उपसून वाट्या भरत होते आणि वाट्या संपल्यावर परातीत भरू लागले.

आणि मग सगळं एकदम आलं. उंबऱ्यांवर अडलेला माल एका मागोमाग आप्पांपुढे येऊन पडायला लागला. ढीग गुडघ्याएवढा झाला. चिंचोके चटईवरून घरंगळून पायऱ्या उतरून अंगणात गेले. “बास! बास झालं!” आप्पा म्हणाले आणि चिठ्ठीवर शून्य लिहिलं. पुढच्या डावालाही शून्य. अक्कांचं शून्य, काकींचं शून्य. मागं नानांपुढे परात शिगोशीग भरलेली, आणि चिठ्ठीवर शून्य.

“आता?” नाना दोन्ही हात पसरून मला विचारत होते. “आता ह्याचं काय करू? कुणाच्या डोक्यावर ओतू?”

मी मधलं दार उघडलं. “खेळ संपला. सगळे माजघरात या.”

आप्पा पुढून आले, नाना मागून. दोघं दोन भिंतींना टेकून उभे राहिले.

“आता सांगा,” मी म्हटलं. “गिऱ्हाइकानं किती किती मागितलं असेल?”

“मी सांगतो,” नाना भिंतीकडे बघत म्हणाले. “आधी चार. मग एकदम पन्नास-साठ. आणि मग एक दिवस यायचंच बंद झालं. असलं येडं गिऱ्हाईक मी उभ्या जन्मात बघितलं नाही.”

“मला वाटतं वीसेक,” अक्का म्हणाल्या. काकींनी पंचवीस सांगितले.

खरं उत्तर घरात दोघांनाच माहीत होतं. एक मी. मी तोंड मिटून उभी राहिले. दुसरे आप्पा. ते मागच्या दारातून दिसणाऱ्या नानांच्या परातीकडे टक लावून बघत होते. मग माजघरातला ढीग, मग स्वयंपाकघरातला. त्यांनी खाकरून घसा साफ केला.

“आठ,” ते म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही.

“आठ मागत होतं गिऱ्हाईक. सुरवातीला चार, मग आठ. शेवटपतुर आठच. एकदासुद्धा नऊ नाही.”

नाना भिंतीपासून सुटले. एक पाऊल पुढं आले. आणि इतक्या वर्षांनी थेट आप्पांकडे बघून बोलले.

“मग माझ्याकडं साठ कुठनं आले, दादा?”

आप्पांनी ओठ हलवले, पण आवाज आला तो अक्कांचा. “मी थोडं वर घालत होते,” त्या हळूच म्हणाल्या. “कमी पडलं की हे घर डोक्यावर घेतात. म्हणून.”

“अगंबाई, मी पण!” काकी म्हणाल्या. “मला वाटलं, जाऊबाई संकोचानं कमीच सांगत असतील.”

“आणि मी हिच्या वर घातलं,” नाना म्हणाले. “म्हटलं, कमी पडलं तर पेठेत माझंच नाव निघंल.”

“आणि मी,” आप्पा खाली बसत म्हणाले, “तू मागितल्यापेक्षा कमीच देशील, असं धरून आधीच दुप्पट मागत होतो.”

आप्पा अक्कांकडे वळले. “त्या पाडव्याला? डेअरी हलवली त्या वर्षी? पहिल्यांदा तूच फोन केला होतास. किती सांगितलं होतंस?”

अक्कांनी पदर तोंडाशी नेला. “तुम्ही सांगितलंत त्याच्या थोडं… बरंच वर. पाडवा होता नव्हं.”

“मी बी पाडवा म्हणूनच,” काकी म्हणाल्या.

“पाडवा म्हणूनच,” नानांनी मान हलवली.

आधी काकी हसल्या. त्यांचं हसणं म्हणजे आधी खांदे हलायचे, आवाज मागाहून. मग अक्का हसल्या आणि हसता हसताच रडू लागल्या. नाना चिंचोक्यांच्या ढिगाशेजारी बसकण मारून म्हणाले, “दादा, उरलासुरला माल नव्हता रे घातला तुझ्या उरावर. तुझाच एवढा मोठा निरोप हाय, असं समजून पाठवला होता. रात्रभर फडकी पिळून हाताची सालटी निघाली होती.”

“आणि अक्षय तृतीयेला?”

“तिजेला तू काही मागितलंच नाहीस की. गवळ्यांना मी परत लावून दिलं.”

आप्पांनी समोरचे चिंचोके हातानं एकत्र लोटले. “मी पेठेत चार लोकांत बोललो तुला,” ते म्हणाले. “नको ते बोललो.”

“बोललास. मला लागलं बी. आता राहू दे.” नानांनी माझ्याकडे बघितलं. “चहा टाक गं. गळा सुकला, तुझ्या खेळात बोलायची बंदी.”

त्या दिवशी चहा तीनदा झाला. वर्गात आमचंही असंच झालं होतं. सरांनी गिऱ्हाइकाचा खरा आकडा सांगितला तेव्हा आमचा सगळा वर्ग एकमेकांच्या अंगावर ओरडायचा थांबला होता. मला एसटीत ऐकू आलं नव्हतं ते त्यामुळेच. पण वर्गातल्या कुणाचं कुणावाचून अडलेलं नव्हतं. इथं मात्र चहाच्या कपावर कप रिता होत होता आणि दोन म्हातारे होत आलेले भाऊ लहानपणीच्या म्हशींची नावं आठवत होते.

पाडव्यापर्यंत आमच्या घरातला फोन अक्कांच्या हाती लागला नाही. रोज संध्याकाळी आप्पा स्वतः डेअरीवर फोन लावायचे. पहिल्या दिवशी ते सवयीनं म्हणाले, “उद्या जरा जास्तच पाठव.” पलीकडून नानांचा आवाज माजघरापर्यंत ऐकू आला, “जास्त-बिस्त नको सांगूस. आज दुकानात किती गेलं ते सांग. उद्याचं मी बघतो.” मग आप्पा किती गेलं ते सांगायचे, कुणी नेलं ते सांगायचे, त्याच्या मुलीचं लग्न कुठं ठरलंय ते सांगायचे. अक्का दाराशी ताटकळत उभ्या. “अहो, जरा मला तिच्याशी बोलू द्या की.” “थांब गं, धंद्याचं चाललंय,” आप्पा हात हलवायचे.

सांगलीच्या डेअरीला आप्पांनी नको म्हणून कळवलं. ते कधी कळवलं ते आम्हाला कुणाला कळलंही नाही.

पाडव्याच्या दिवशी सकाळी गुढी उभारून झाली आणि दुकानापुढे रांग लागली. माझे यजमानही रजा टाकून आले होते. मी डबे देत होते, ते पैसे घेत होते. नाना डेअरीवरून शेवटची खेप घेऊन आले ते परत गेलेच नाहीत. सदऱ्याच्या बाह्या दुमडून गल्ल्याशेजारी उभे राहिले आणि ओळखीच्या प्रत्येक माणसाला म्हणाले, “चक्का माझा, बरं का.” लोक एकदा त्यांच्याकडे आणि एकदा आप्पांकडे बघायचे. काहीजण रांग सोडून नुसते बघतच उभे राहिले.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा शेवटचा डबा गेला. पातेलं रिकामं, फ्रीज रिकामा. एक माणूस धापा टाकत आला. आप्पांनी दोन्ही हात जोडले आणि इतक्या आनंदानं “संपलं!” म्हणाले की तो बिचारा रिकाम्या हातानं हसत परत गेला.

घरी काकी आणि अक्कांनी स्वयंपाक करून ठेवला होता. बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुऱ्यांची चळत. सगळी पंगत एकाच ओळीत, आप्पा आणि नाना शेजारी शेजारी. अक्का वाढत वाढत आल्या आणि ताटातल्या रिकाम्या वाटीपाशी थांबल्या.

“श्रीखंड कुठाय?” त्यांनी विचारलं.

आप्पांनी नानांकडे पाहिलं. “तू घरच्यासाठी काढून ठेवलं असशील नव्हं?”

“मी? मी चक्कावाला. मला वाटलं, तू दुकानातनं बाजूला ठेवलं असशील!”

“मला वाटलं तू!”

मग काकींचे खांदे हलायला लागले. शेट्यांच्या घरात पाडव्याच्या दिवशी श्रीखंड नव्हतं. माझे यजमान हसता हसता ठसकले, त्यांना पाणी द्यावं लागलं. आप्पा डोळे पुसत होते.

“गिरिजा,” नाना म्हणाले, “तुझ्या सरांना विचारून ये. घरच्या वाटीचा निरोप कुणी द्यायचा असतो?”

“निरोप कशाला पायजे?” आप्पा म्हणाले. “तू रोज हितंच जेवायला येत जा. वाटी रिकामी हाय का भरलेली, तुला तुझंच दिसंल.”

नानांनी ताट पुढं सरकवलं. “मग आधी पुरी वाढा,” ते म्हणाले, “आणि दूध-साखर आणा. दादाला लहानपणापासनं तेच आवडतं.”